‘माहीत नाही’ एवढ्यावर भागत नाही : इंग्रजीतले जाणण्याचे आणि न जाणण्याचे शब्द

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : इंग्रजीतून मराठीत अनुवाद करताना ‘अनअवेअर’, ‘इग्नोरंट’, ‘ऑब्लिव्हियस’, ‘अनविटिंग’ या सगळ्यांसाठी तुमच्या हातून ‘अनभिज्ञ’ किंवा ‘माहीत नसलेला’ हेच उतरतं आणि संपादक मजकूर परत पाठवतात. जाणण्याच्या बाजूलाही ‘नो’, ‘अवेअर’, ‘रिअलाइज’, ‘रेकग्नाइज’ यांची तीच गत. शब्दकोशात प्रत्येकापुढे चार-चार प्रतिशब्द आहेत, पण कुठे कोणता घ्यायचा ते कोश सांगत नाही.

माझं बरंचसं आयुष्य कोर्टाची, दवाखान्यांची आणि विमा कंपन्यांची कागदपत्रं अनुवादण्यात गेलं आहे. या तिन्ही ठिकाणी कोणाला काय माहीत होतं यावर पैसा, शिक्षा आणि कधी कधी जीव अवलंबून असतो. त्या अनुभवातून एक कसोटी मी कायम वापरते. न जाणण्याचा शब्द समोर आला की अर्थ शोधण्याआधी एक प्रश्न विचारायचा : या माणसाला ते माहीत असायला हवं होतं का, आणि नव्हतं तर त्यात चूक कोणाची? इंग्रजीतले हे शब्द अज्ञान किती आहे हे फारसं सांगत नाहीत. दोष कोणाच्या पदरात टाकायचा हे मात्र ते नक्की सांगतात.

एकच प्रसंग घेऊ. पावसाळ्यात नदीवरचा जुना पूल वाहतुकीला बंद केला आहे आणि एक माणूस गाडी घेऊन त्याच रस्त्याने निघाला आहे.

तो परगावचा आहे, बातमी त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही, तर तो ‘अनअवेअर’. यात ठपका नाही. मराठीत ‘पूल बंद असल्याची त्याला कल्पना नव्हती’ हे चोख बसतं. ‘कल्पना नसणे’ हा आपला फार उपयोगी वाक्प्रचार आहे आणि नवे अनुवादक तो उगाच टाळतात, ‘अनभिज्ञ’च्या मागे लागतात.

समजा रस्त्यावर फलक आहे, आडवा बांबू टाकलेला आहे, टपरीवरची माणसं हातवारे करताहेत, आणि हा फोनवर बोलत पुढे चालला आहे. आता तो ‘ऑब्लिव्हियस’. माहिती डोळ्यांसमोर आहे, लक्ष नाही. लॅटिनमध्ये या शब्दाचं मूळ विसरण्यात आहे. इंग्रजीतही आधी ‘ऑब्लिव्हियस’ म्हणजे विसराळू असाच अर्थ होता, ‘दखल नसलेला’ हा अर्थ नंतर आला आणि तोच आज चालतो. इथे ‘माहीत नव्हतं’ लिहिलंत तर त्या माणसाला तुम्ही फुकट सोडवलंत. ‘त्याला भानच नव्हतं’, ‘तो आपल्याच तंद्रीत होता’, ‘त्याच्या गावीही नव्हतं’ यांतलं संदर्भाला शोभेल ते घ्या.

फलक त्याने पाहिला, पण त्यावरच्या खुणेचा अर्थच त्याला कळत नाही, आणि गाडी चालवणाऱ्याला तो कळायलाच हवा, तर तो ‘इग्नोरंट’. या शब्दाच्या बाबतीत फार जपून राहा. ‘इग्नोरंट ऑफ’ असं पुढे काही जोडलं असेल तर धार कमी असते : अमुक गोष्टीबद्दल अज्ञान होतं, एवढंच. नुसतं ‘ही इज इग्नोरंट’ म्हटलं की ती शिवी झाली : अडाणी, अकलेचा कांदा. आणि ‘इग्नोरंट रिमार्क’ असं आलं तर बहुधा एखाद्या समाजाबद्दल काहीही जाणून न घेता ठोकून दिलेलं, मन दुखावणारं विधान असा अर्थ असतो. तिथे ‘अज्ञानमूलक विधान’ अगदीच मिळमिळीत होतं. ‘काही माहिती न घेता केलेलं असभ्य विधान’ असं फोड करून लिहावं लागतं.

‘अनविटिंग’ हा शब्द माणसाच्या कृतीला चिकटून येतो. त्या गाडीच्या डिकीत कोणी तरी बेकायदा माल ठेवला आहे आणि हा तो वाहून नेतो आहे, याला पत्ता नाही : तो ‘अनविटिंग’ वाहक. इथे मराठी श्रीमंत आहे. ‘नकळत’ हा शब्द असा तंतोतंत बसतो की दुसरं काही शोधूच नये. ‘अनविटिंगली’साठी ‘अनवधानाने’ लिहिलेलं मी पुष्कळदा पाहते. ते बरोबर नाही. अनवधान म्हणजे लक्ष नसणं, आणि लक्ष नसण्यात थोडा दोष येतोच. इंग्रजीत त्यासाठी ‘इनअ‍ॅडव्हर्टंटली’ हा वेगळा शब्द आहे. नकळत घडलेल्यात दोष नाही. विम्याच्या दाव्यात या दोन शब्दांची अदलाबदल झाली तर दावा करणाऱ्याचं नुकसान होऊ शकतं.

‘इन द डार्क’मध्ये दोष तिसऱ्याकडे जातो, मराठीतही कोणाला तरी ‘अंधारात ठेवलेलं’ असतं, आपण होऊन कोणी अंधारात राहत नाही. ‘मिसइन्फॉर्म्ड’ म्हणजे चुकीचं सांगितलं गेलेला, ‘अनइन्फॉर्म्ड’ म्हणजे काहीच न सांगितलेला किंवा न विचारलेला. ‘नाईव्ह’ माणसाला वस्तुस्थिती ठाऊक असते, जगाची रीत ठाऊक नसते : भाबडा. ‘क्लूलेस’ म्हणजे ज्याला त्या विषयातलं ओ की ठो कळत नाही असा. यातला ‘क्लू’ म्हणजे मुळात सुताचा गुंडा. भुलभुलय्यातून बाहेर पडायला गुंडा उलगडत जायचं, या ग्रीक कथेतून त्याला ‘माग’ हा अर्थ आला.

आणि ‘इनोसंट’? हा शब्द या घरचा नाहीच. अनेकांना वाटतं की ‘इग्नोरंट’सारखाच तोही न जाणण्यावरून आला असेल, कारण निरागस मुलाला काही ठाऊक नसतं. पण त्याचं मूळ इजा करणं या लॅटिन क्रियापदात आहे. ज्याने इजा केलेली नाही तो ‘इनोसंट’. म्हणून कोर्टात तो ‘निर्दोष’ होतो आणि लहान मुलाच्या बाबतीत ‘निष्पाप’. ‘अजाण’ लिहायचा मोह आवरा.

कायद्याकडे वळते, कारण माझी ही कसोटी तिथेच तयार झाली. तिथे न जाणण्याची किंमत कलमा-कलमाने ठरवून ठेवलेली आहे.

चोरीचा माल घेणाऱ्याला शिक्षा करणारं कलम पाहा. १८६०च्या दंडसंहितेत ते ४११वं होतं. १ जुलै २०२४पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली तरी कल्पना तीच आहे. माल चोरीचा आहे हे ‘नोइंग’ किंवा तसं मानायला ‘रीझन टु बिलीव्ह’ असताना तो घेणं हा गुन्हा. म्हणजे दोन पायऱ्या : प्रत्यक्ष माहीत असणं, आणि माहीत नसलं तरी तसं मानण्याजोगं पुरेसं कारण समोर असणं. अर्ध्या किमतीत, बिलाशिवाय, रात्री अकरा वाजता मोटारसायकल विकत घेणाऱ्याने ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून भागत नाही ते या दुसऱ्या पायरीमुळे. अनुवादात ‘माहीत असताना किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना’ हे दोन्ही तुकडे वेगळे ठेवायलाच हवेत. ‘माहीत असूनही’ असं एका झटक्यात लिहून मोकळं होणं म्हणजे कलमाचा अर्धा भाग कापणं.

याच संदर्भात ‘नॉलेज’साठी ‘ज्ञान’ लिहू नका. मराठीत ज्ञान ही फार वजनदार वस्तू आहे; ती गुरूकडून मिळते, ग्रंथातून मिळते, ज्ञानेश्वरांच्या नावात आहे. ‘या कृत्याने मृत्यू येऊ शकतो याचे आरोपीला ज्ञान होते’ हे वाचताना आरोपी तत्त्वचिंतक वाटायला लागतो. ‘जाणीव होती’ म्हणा.

मला सर्वांत मोलाची वाटते ती १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या तिसऱ्या कलमातली ‘नोटीस’ची व्याख्या. एखादी गोष्ट माणसाला कळलेली आहे असं कायदा केव्हा धरतो? एक, त्याला ती प्रत्यक्ष माहीत असेल तेव्हा. दोन, जी चौकशी किंवा जो शोध त्याने घ्यायलाच हवा होता तो त्याने मुद्दाम टाळला नसता, किंवा घोर निष्काळजीपणा केला नसता, तर ती त्याला कळली असती, तेव्हाही. शिवाय नोंदणीकृत दस्ताबाबत, नोंदणी झाली की नंतर व्यवहार करणाऱ्याला ती माहीत आहे असंच धरलं जातं. तुम्ही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पाऊल टाकलं नसेल, नोंदलेल्या व्यवहारांची ‘सूची क्रमांक दोन’ कधी पाहिली नसेल, तरी कायद्याच्या लेखी तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे जमीन घेण्याआधी वकील सर्च रिपोर्ट काढतात आणि वर्तमानपत्रात ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की…’ अशी जाहीर नोटीस देतात, त्यामागे हेच आहे. त्या सकाळी ते पान कोणी वाचलं नाही, तरी ‘कळविण्यात’ आलेलंच असतं.

याच कल्पनेचे इंग्रजीत जे शब्दप्रयोग आहेत ते नीट ओळखा. ‘अ‍ॅक्च्युअल नॉलेज’ म्हणजे खरोखर माहीत असणं. ‘कन्स्ट्रक्टिव्ह नॉलेज’ म्हणजे माहीत असल्याचं धरलं जाणं. इथे ‘रचनात्मक ज्ञान’ असं लिहिलेला मजकूर माझ्याकडे तपासणीला आला आहे, आणि त्यातून मराठी वाचकाला काहीही बोध होणार नाही. ‘मानीव माहिती’ किंवा ‘माहिती असल्याचे गृहीत’ म्हणा. हाउसिंग सोसायट्यांच्या ‘मानीव अभिहस्तांतरणा’मुळे ‘मानीव’ हा शब्द आता महाराष्ट्रात घरोघरी पोचला आहे, त्याचा फायदा घ्या. आणि ‘विलफुल ब्लाइंडनेस’ म्हणजे पाहिलं तर कळेल या भीतीने न पाहणं. ‘हेतुपुरस्सर डोळेझाक’ हा त्याला उत्तम प्रतिशब्द आहे. डोळेझाक कधी अपघाताने होत नाही, ती करावी लागते.

दिवाणी दाव्याच्या किंवा जबाबाच्या शेवटी मजकूर खरा असल्याची जी पडताळणी असते, तिच्यातला एक सापळा सांगते, कारण त्यात मुरलेले अनुवादकही अडकतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सहाव्या आदेशातला पंधरावा नियम सांगतो की पडताळणी करणाऱ्याने कोणते परिच्छेद तो स्वतःच्या ‘नॉलेज’वरून खरे म्हणतो आणि कोणते मिळालेल्या ‘इन्फर्मेशन’वरून खरे मानतो, हे क्रमांक देऊन सांगावं. इंग्रजीत दोन शब्द, दोन वेगळ्या जबाबदाऱ्या. मराठीत मात्र सर्रास लिहिलं जातं : ‘वरील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे’. आपली ‘माहिती’ ही दोन्हींना पुरते. त्यातून बोलताना ‘माझ्या माहितीप्रमाणे ते पुण्याला गेलेत’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात ‘नक्की सांगत नाही’ असाच सूर असतो. म्हणजे इंग्रजीतला सर्वांत ठाम दावा मराठीत सर्वांत सैल होऊन बसतो. मी अशा ठिकाणी ‘मला स्वतःला ठाऊक असलेल्या गोष्टींवरून’ आणि ‘इतरांकडून मिळालेल्या व मी खऱ्या मानत असलेल्या माहितीवरून’ असे दोन भाग करते. वाक्य लांबतं, लांबू द्यावं.

जाणण्याच्या शब्दांकडे येताना आधी व्याकरणाचा एक फरक मनात पक्का करा. इंग्रजीत ‘आय नो’. जाणणारा कर्ता आहे, जाणणं त्याचं. मराठीत ‘मला माहीत आहे’, ‘मला कळलं’, ‘मला समजलं’, ‘मला पोहता येतं’. ज्ञान माणसाकडे येतं. तो ते स्वीकारणारा. ‘जाणणे’ आणि ‘ओळखणे’ अशी कर्ता ठेवणारी क्रियापदं आपल्याकडे आहेत, पण रोजच्या बोलण्यात भर चतुर्थीवर. त्यामुळे इंग्रजी मजकुरात ‘ही न्यू’, ‘ही रिअलाइज्ड’, ‘ही लर्न्ड’, ‘ही फाउंड आउट’ असे चार वेगळे मार्ग असले तरी घाईत चारही ‘त्याला कळलं’ होतात. त्यांतला मार्ग शोधा. ‘फाउंड आउट’मध्ये शोधाशोध आहे : त्याने छडा लावला, त्याला पत्ता लागला. ‘लर्न्ड’मध्ये कोणी तरी सांगितलं आहे : त्याच्या कानावर आलं, त्याला समजलं. ‘रिअलाइज्ड’मध्ये बाहेरून नवं काही आलेलं नाही, आधीच हाताशी असलेल्याचा अर्थ लागला : त्याच्या ध्यानात आलं, त्याला उमगलं. ‘उमगणे’ हे क्रियापद माझं लाडकं आहे. आत चाललेल्या विचाराचा शेवट त्यात आहे, आणि तो थोडा उशिरा आल्याची छटाही आहे. ‘रेकग्नाइज’ म्हणजे आधी पाहिलेलं पुन्हा ओळखणं. त्याचा दुसरा अर्थ मान्यता देणं, आणि सरकारी मजकुरात बहुधा तोच असतो.

उलट्या बाजूने, मराठी माणसाच्या इंग्रजीतही हाच फरक डोकावतो. ‘मला कळलं’ डोक्यात असतं म्हणून ‘आय केम टु नो’ सगळीकडे येतं. व्याकरणाने ते चूक नाही, भारतभर चालतं, पण ब्रिटन-अमेरिकेतल्या वाचकाला ते दीर्घकाळ घडलेल्या परिचयासारखं ऐकू येतं. ‘आय हर्ड’, ‘आय लर्न्ड’, ‘आय फाउंड आउट’ यांतलं नेमकं ते घ्यावं. तसंच ‘आय अ‍ॅम नोइंग हिम’ होत नाही, कारण ‘नो’ ही अवस्था आहे, चालू क्रिया नव्हे. पोहता येतं हे सांगताना ‘आय नो स्विमिंग’ऐवजी ‘आय कॅन स्विम’. गंमत अशी की हा ‘कॅन’ मुळात जाणण्याचाच शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मला ठाऊक आहे’ असा होता, आणि ठाऊक असण्यातून जमण्यापर्यंत तो पोचला.

‘नो’च्या मागे काय येतं त्यावरही अर्थ फिरतो. ‘आय नो हर’ : ओळख आहे. ‘आय नो ऑफ हर’ : नाव ऐकून आहे. ‘आय नो अबाउट हर’ : तिच्याबद्दल काही माहिती आहे, आणि कधी कधी ती माहिती फारशी चांगली नसते. मराठीत तिन्हींसाठी ‘मी तिला ओळखतो’ लिहिल्याने मुलाखतींमध्ये भलतेच वाद झालेले आहेत.

आणखी एक गोष्ट, बातम्या अनुवादणाऱ्यांसाठी. ‘ही न्यू दॅट’ असं लिहिताना लिहिणारा पुढची गोष्ट खरी असल्याची ग्वाही देतो. ‘पूल धोकादायक आहे हे अधिकाऱ्यांना माहीत होतं’ म्हटलं की पूल धोकादायक होता हे तुम्ही स्वतः सांगितलंत. नकार दिला तरी ती ग्वाही टिकते : ‘पूल धोकादायक आहे हे त्यांना माहीत नव्हतं’ यातही पूल धोकादायकच आहे. ती काढायची असेल तर ‘पूल धोकादायक आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं’ असं ‘की नाही’ लागतं. इंग्रजीत ते काम ‘व्हेदर’ करतो. आरोप अजून सिद्ध व्हायचा असेल तेव्हा मूळात ‘बिलीव्ह्ड’ असतं ते वाचून घ्या आणि तिथे ‘माहीत होतं’ लिहू नका, ‘असा त्यांचा समज होता’ लिहा.

मूळ धातूंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते समजले की शब्द लक्षात राहतात, म्हणून थोडं लिहिते. ‘नो’च्या स्पेलिंगात आरंभी मुका के आहे. साधारण सतराव्या शतकापर्यंत तो उच्चारला जाई. त्या मुक्या अक्षरामागे आपलाच ‘ज्ञा’ धातू आहे; लॅटिन, ग्रीक, संस्कृत आणि जर्मानिक भाषांचं हे सामाईक धन. इंग्रजांच्या तोंडून के गळाला, आपण ‘ज्ञ’चा ‘द्न्य’ केला, हिंदीने ‘ग्य’. ‘कॉग्निशन’, ‘डायग्नोसिस’, ‘इग्नोअर’, ‘नोटिस’, ‘कॅन’, ‘कनिंग’ सगळे याच घरचे. ‘कनिंग’ आधी नुसता ‘जाणकार’ होता, पुढे धूर्त झाला. ‘अनकूथ’ म्हणजे आधी ‘अपरिचित’, मग ‘असंस्कृत’. जे ओळखीचं नाही ते रानटी ठरवण्याची माणसाची सवय शब्दात अशी उतरते.

दुसरा धातू ‘विद्’. ‘वेद’, ‘विद्या’, ‘विद्वान’ आपल्याकडे; तिकडे ‘वाइज’, ‘विट’, ‘विटनेस’ आणि वर आलेला ‘अनविटिंग’. लॅटिनमध्ये याच मुळातून पाहण्याचं क्रियापद आलं, म्हणून ‘व्हिडिओ’ही या कुटुंबातला. साक्षीदाराला ‘विटनेस’ म्हणण्यात पाहणं आणि जाणणं दोन्ही आहेत. आपल्या ‘साक्षी’तही ‘अक्षि’ म्हणजे डोळा आहेच. तिसरं लॅटिन ‘स्किरे’ : त्यातून ‘सायन्स’, ‘कॉन्शस’, ‘कॉन्शन्स’. आणि ‘नाइस’सुद्धा! तो ‘न जाणणारा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता. मग चोखंदळ, मग काटेकोर, आणि अठराव्या शतकात छान.

न जाणण्याचे काही शब्द मात्र कोणी तरी मुद्दाम घडवलेले आहेत आणि त्यांचा जन्म माहीत असल्याशिवाय अनुवाद नीट होत नाही. ‘अग्नॉस्टिक’ हा टॉमस हेन्री हक्स्ली यांनी १८६९मध्ये घडवला. ईश्वर आहे असं म्हणणारे आणि नाही असं म्हणणारे, दोघांनाही ते खात्रीने माहीत असल्याचा दावा असतो. आपला तसा दावा नाही, हे सांगायला त्यांना शब्द हवा होता. म्हणून मराठीत ‘नास्तिक’ हा त्याचा अनुवाद होऊ शकत नाही, ‘अज्ञेयवादी’ हाच बरोबर. संगणकक्षेत्रात मात्र ‘प्लॅटफॉर्म-अग्नॉस्टिक’ असं येतं तेव्हा अज्ञेयवाद दूर ठेवा आणि ‘कोणत्याही प्रणालीवर चालणारे’ असं साधं लिहा. ‘एपिस्टेमॉलॉजी’ म्हणजे ज्ञानाची मीमांसा. हा शब्द स्कॉटिश तत्त्वज्ञ जेम्स फ्रेडरिक फेरिअर यांनी १८५४च्या आपल्या ग्रंथातून इंग्रजीत रूढ केला, आणि त्याच ग्रंथात अज्ञानाच्या मीमांसेसाठी ‘अ‍ॅग्नोइऑलॉजी’ हा जोडशब्दही दिला. पहिला विद्यापीठांत जाऊन बसला, दुसरा विस्मरणात गेला. मला याचं वाईट वाटतं, कारण अज्ञानालाही स्वतंत्र शास्त्र असावं हा विचार फार मोठा होता. त्याच विचाराचं आजचं रूप म्हणजे ‘अ‍ॅग्नोटॉलॉजी’ : अज्ञान कसं तयार केलं जातं याचा अभ्यास. स्टॅनफर्डचे विज्ञान-इतिहासकार रॉबर्ट प्रॉक्टर यांनी हा शब्द रूढ केला, आणि त्यांच्यापुढचं ठळक उदाहरण होतं सिगारेट कंपन्यांनी कर्करोगाच्या पुराव्याबद्दल वर्षानुवर्षं पेरलेल्या संशयाचं. ‘अज्ञाननिर्मितीचा अभ्यास’ असं मी लिहिते.

‘इग्नोरेमस’ हे लॅटिन क्रियापद, ‘आम्हाला ठाऊक नाही’. खटला चालवायचा की नाही हे ठरवणारी इंग्लंडमधली नागरिकांची मंडळी, म्हणजे ग्रँड ज्युरी, पुरावा अपुरा वाटला की आरोपपत्राच्या पाठीवर हा शेरा मारत असे. १६१५मध्ये केंब्रिजला राजा पहिला जेम्स याच्यासमोर झालेल्या एका प्रहसनात अडाणी वकिलाला हेच नाव दिलं होतं, आणि तिथून शब्द माणसाला चिकटला. प्रामाणिक कबुली होती ती शिवी झाली.

वैद्यकीय मजकुरात दोनच गोष्टी सांगते. ‘इडिओपॅथिक’ म्हणजे कारण न सापडलेला आजार. ‘स्वयंजन्य’ असा कोशातला शब्द रुग्णाच्या माहितीपत्रकात घातला तर रोग्याला वाटतं की आपण स्वतःच तो ओढवून घेतला. ‘ज्याचे कारण कळलेले नाही असा’ एवढं पुरे. आणि औषधचाचणीच्या संमतिपत्रातलं ‘डबल-ब्लाइंड’ : ‘दुहेरी अंध चाचणी’ वाचून डोळ्यांना काही होईल का असं विचारणारे लोक भेटतात, आणि त्यांचं विचारणं रास्तच आहे. तिथे लिहावं : ‘तुम्हाला खरे औषध दिले जात आहे की औषधासारखी दिसणारी साधी गोळी, हे तुम्हालाही सांगितले जाणार नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही माहीत नसेल.’ न जाणणं हे इथे नियोजित आहे, चाचणीच्या भल्यासाठी आहे, आणि ज्याच्या शरीरावर चाचणी होणार त्याला ते सरळ शब्दांत कळण्याचा हक्क आहे. संमती जाणून दिलेली हवी, म्हणूनच तिला ‘इन्फॉर्म्ड’ म्हणतात.

बोलण्यातल्या छोट्या प्रयोगांत अर्थ अनेकदा शब्दांच्या उलट जातो. ‘फॉर ऑल आय नो’ ऐकायला ज्ञानाचा दावा वाटतो, पण त्याचा अर्थ ‘मला काय ठाऊक, असेलही’. ‘नॉट दॅट आय नो ऑफ’ म्हणजे ‘माझ्या ऐकिवात तरी नाही’. ‘आय डोन्ट नो दॅट आय अ‍ॅग्री’ हा सौम्य नकार : ‘मला काही हे पटत नाही’. ‘आय वुडन्ट नो’ म्हणजे ‘मला कुठून माहीत असणार’. त्यात कधी तुटकपणा असतो, कधी ‘तो माझा प्रांत नव्हे’ असा अर्थ. तो वाक्याच्या सुरावरून ठरवावा लागतो.

तुम्ही पुढे कोर्टाचं काम घेणार असाल तर उलट दिशेनेही हेच करावं लागेल. उलटतपासात मराठी साक्षीदार तीन उत्तरं देतो : ‘मला माहीत नाही’, ‘मला आठवत नाही’ आणि ‘मला सांगता येणार नाही’. घाईत तिन्हींचं इंग्रजी ‘आय डोन्ट नो’ होतं. पहिल्यात तो माहिती नाकारतो. दुसऱ्यात ती एके काळी असू शकेल हे उघडं राहतं, म्हणून तिथे ‘आय डोन्ट रिमेंबर’. तिसऱ्यात तर तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तिथे ‘आय कॅनॉट से’ हेच लिहायचं, कारण त्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायचा की नाही हे समोरचा वकील ठरवणार असतो.